वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली काय?

जी देणगी मनुष्यास रोज अनायासे मिळते तिचे मोल तो क्वचितच करितो. वाचा ही अशीच एक देणगी होय. पहाटे घरच्यांस हाक मारणे, बाजारात भाव विचारणे, लेकरास रागे भरणे व मागून त्याची समजूत घालणे, मंडळीत प्रार्थना करणे, ही सर्व कामे आपण शब्दांनी करितो; पण शब्द कोठून येतात ह्याचा विचार आपल्या मनास शिवतही नाही. मग एखाद्या दिवशी घरातील कर्ता मनुष्य झोपेतून उठतो, बोलावयास तोंड उघडतो, आणि त्याच्या मुखातून एकही नीट शब्द बाहेर पडत नाही. शेजारीपाजारी जमतात. कोणी म्हणतो, अंगावरून वारे गेले. कोणी म्हणतो, करणी झाली. पुष्कळांचे मत असे पडते की, म्हाताऱ्याचे डोकेच गेले. पुढे महिना लोटतो, हातापायांत थोडी शक्ती येते, परंतु त्याच्याशी बोलणे सर्वांनी सोडून दिलेले असते. त्याच्या औषधाविषयी, त्याच्या शेताविषयी, त्याच्या मरणाविषयीदेखील लोक त्याच्या खाटेशी बसून बोलतात, जणू काय तो तेथे नाहीच.

ह्या पाठात आम्ही वाचकांपुढे एक गोष्ट मुख्यत्वे ठेवू इच्छितो. ती ही की, मेंदूस इजा होऊन भाषा मोडली म्हणजे मनुष्याची बुद्धी, स्मरण, प्रेम व लाज ही नाहीशी झाली असे मुळीच ठरत नाही. ज्या व्याधीने अशी भाषा मोडते तीस वाचाघात म्हणतात. ती कशी होते, तिच्यात काय जाते व काय राहते, हे नीट समजले तर रोग्यावर होणारा मोठा अन्याय टळेल. आणि वेळीच धाव घेतल्यास कित्येकांची वाचाही वाचेल.

१. एका कोशकाराची रात्र

इंग्रजी भाषेचा थोर कोशकार सॅम्युएल जॉन्सन ह्याचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. शब्दांचे अर्थ लावण्यात ज्याने आयुष्य घालविले, त्याच्यावरच वाचा जाण्याचा प्रसंग आला. १७८३ सालच्या जून महिन्याच्या १७ तारखेस, लंडन येथील आपल्या घरी, तो उत्तररात्री जागा झाला व आपल्या डोक्यात काही बिघाड झाला आहे असे त्यास वाटले. त्या वेळी तो ७३ वर्षांचा होता. आपली बुद्धी शाबूत आहे की नाही ह्याची त्यास मोठी धास्ती पडली. तेव्हा त्याने परीक्षा म्हणून मनातल्या मनात लॅटिन भाषेत एक पद्यमय प्रार्थना रचिली. ओळी काही फार चांगल्या साधल्या नाहीत. परंतु त्या चांगल्या नाहीत एवढे आपणास कळते, ह्यावरून आपली बुद्धी ठिकाणावर आहे असे त्याने ताडिले. थोड्या वेळाने त्यास कळून आले की, आपणास पक्षाघाताचा झटका आला असून आपली वाचा गेली आहे.

सकाळी त्याने शेजाऱ्यास चिठ्ठी लिहावयास घेतली, तो हातातून भलतीच अक्षरे उमटू लागली. तरी त्याने नेट धरून ती लिहिली व वैद्यांस बोलावून घेतले. हळूहळू त्याची वाचा परत येऊ लागली. दोन दिवसांनी लिहिलेल्या एका पत्रात हा सारा वृत्तांत त्याने स्वतःच दिला आहे, आणि आपण प्रभूची प्रार्थना बऱ्यापैकी स्पष्ट उच्चारांनी म्हणू शकलो असेही त्यात नमूद केले आहे. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, १७८४ च्या डिसेंबरात, तो मरण पावला.

ह्या गोष्टीतून दोन धडे मिळतात. ज्या घटकेस जॉन्सनच्या मुखातून शब्द निघेना, त्याच घटकेस त्याच्या मनात एक प्रार्थना रचिली जात होती. बाहेरून पाहणाऱ्यास ह्याची काय कल्पना येणार? दुसरे असे की, बिघाड केवळ जिभेचा नव्हता. जीभ अडखळली तेव्हा लिहिणारा हातही चुकला. ह्यावरून भाषेचे मूळ जिभेत नसून आणखी खोल कोठेतरी आहे, असे दिसून येते.

२. बिसेत्र येथील रोगी

ते मूळ कोठे आहे, ह्याचा पत्ता पुढे सुमारे ८० वर्षांनी फ्रान्स देशात लागला. पॅरिस शहराजवळ बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. तेथे लबोर्न्य नावाचा एक गृहस्थ २१ वर्षे राहत होता. त्यास लहानपणापासून फेफऱ्याचा विकार होता, व वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्याची वाचा गेली. त्यास काहीही विचारा, तो 'तां, तां' एवढेच म्हणे. म्हणून सर्व लोक त्यास 'तां' ह्याच नावाने हाक मारीत. पुढे त्याचा उजवा हात व मग उजवा पायही लुळा पडला. सोबतचे रोगी त्यास आपमतलबी व सूडबुद्धीचा समजत, आणि काही जण तर त्याच्यावर चोरीचाही आळ घेत. ज्यास आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्याविषयी लोक किती लवकर मत बनवितात हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात पायाच्या विकारामुळे त्यास शस्त्रवैद्य पॉल ब्रोका ह्याच्याकडे आणण्यात आले. ब्रोकाने त्याची कसून परीक्षा केली. तू येथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्या रोग्याने डाव्या हाताची पाची बोटे चार वेळा उघडली व मग एक बोट दाखविले. म्हणजे २१ वर्षे. उत्तर अगदी बरोबर होते. घड्याळ दाखविले असता वेळही तो बोटांनी सांगत असे. त्यास बोललेले बहुतेक सर्व समजत होते. जीभही हलत होती. नव्हते ते केवळ शब्द.

त्याच महिन्याच्या १७ तारखेस तो मरण पावला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस, कपाळाच्या मागील भागात, नासलेला व पोखरलेला भाग आढळला. त्याच वर्षी लॅलाँ नावाचा ८४ वर्षांचा दुसरा एक रोगी आला. त्याच्यापाशी अवघे पाच शब्द उरले होते. त्याच्याही मेंदूत सुमारे त्याच जागी इजा सापडली. असे अनेक रोगी पाहून १८६५ साली ब्रोकाने जाहीर केले की, बहुतेक मनुष्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतात. त्या जागेस आजही ब्रोकाचे नाव आहे. ते दोन्ही मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवण्यात आले. आणि २००७ साली संशोधकांनी चुंबकीय यंत्राने त्यांचे आतील चित्र घेतले, तेव्हा इजा वरून दिसते त्याहून पुष्कळ खोल गेलेली होती असे आढळले. ह्यावरून भाषेचे काम एका ठिपक्यापुरते नसून, निरनिराळ्या भागांस जोडणाऱ्या आतील तंतूंवरही ते अवलंबून असते, हे अधिक स्पष्ट झाले.

३. पाट व वाफे

आता ही इजा होते कशी, ते पाहू. मेंदूचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या शेकडा दोन इतकेच. परंतु शरीर जो प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. हा प्राणवायू रक्ताबरोबर येतो. शेतकरी बांधवांस हे सहज समजेल. एका पाटाने अनेक वाफ्यांस पाणी मिळते. पाट तुंबला तर त्याच्यावरील सर्व वाफे सुकतात. पाट फुटला तर पाणी भलतीकडे जाऊन पिकाची नासाडी होते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचेही असेच आहे. गुठळी अडकून वाहिनी तुंबते, अथवा दाब वाढून ती फुटते. झटका येणाऱ्या पाचांपैकी सुमारे चौघांत वाहिनी तुंबलेली असते.

मेंदूच्या डाव्या बाजूस एक मोठी रक्तवाहिनी भाषेच्या भागांस रक्त पुरविते, व तीच उजव्या हाताची व चेहऱ्याच्या उजव्या बाजूची हालचाल चालविणाऱ्या भागासही पुरविते. कारण मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या अंगावर सत्ता चालवितो. म्हणून वाचा जाणे व उजवे अंग लुळे पडणे ही दोन संकटे पुष्कळदा जोडीने येतात. १३७ व्या स्तोत्रात बाबेलातील बंदिवान यरुशलेमेस विसरण्याविरुद्ध शपथ वाहताना आपला उजवा हात व आपली जीभ ह्या दोहोंचा एकत्र उल्लेख करितात. हा जोड काही वैद्यांच्याही नजरेस भरला आहे.

रक्तवाहिनीखेरीज इतर कारणांनीही भाषेच्या भागांस इजा होते. झाडावरून अथवा वाहनावरून पडून डोक्यास मार लागणे, मेंदूत गाठ वाढणे, मेंदूचा दाह, आणि म्हातारपणी मेंदू हळूहळू झिजविणारे काही रोग ही ती कारणे होत. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ९५ जणांची, आणि डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची, भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते.

बहिऱ्या लोकांच्या उदाहरणाने तर ही गोष्ट फारच स्पष्ट होते. जे जन्मापासून हातांच्या खुणांची भाषा बोलतात, त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर त्यांचीही खुणांची भाषा मोडते. हात हलतो, पण योग्य खूण सुचत नाही, अथवा खुणांची वाक्यरचना बिघडते. त्यांच्या भाषेत जिभेचा संबंधच नाही. तेव्हा वाचाघात हा जिभेचा रोग नव्हे, हे निश्चित.

४. वाचाघाताची निरनिराळी रूपे

सर्व रोगी सारखे नसतात. इजा पुढील भागास झाली तर रोग्यास पुष्कळ समजते, पण बोलणे मोठ्या कष्टाने होते. "काल मी बैल घेऊन बाजाराला गेलो" असे सांगावयाचे असता तो "मी... बैल... बाजार..." एवढेच बोलून थांबतो. नामे येतात, क्रियापदे अडतात, आणि मराठीत ज्यांवर वाक्याचा सांधा अवलंबून असतो ते प्रत्यय गळतात किंवा चुकतात. आपले चुकते हे त्यास कळते. म्हणून तो चिडतो किंवा रडतो.

दुसरे रूप जर्मन वैद्य कार्ल वेर्निके ह्याने १८७४ साली, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, वर्णन केले. इजा कानाच्या वरच्या बाजूस, आत मागील भागी झाली, तर रोगी घडाघडा बोलतो, सूर व हेल अगदी नेहमीसारखे असतात; परंतु शब्द भलतेच, कित्येक तर कोणत्याच भाषेत नसलेले. दुसऱ्याचे बोलणेही त्यास नीट उमगत नाही. बहुधा ह्याच रोग्यास लोक वेडा ठरवितात. वस्तुतः येथे शब्द व अर्थ ह्यांची सांगड तुटलेली असते.

तिसऱ्या प्रकारात बोलणे व समजणे बरेच ठीक असते, पण नाव आठवत नाही. पोहरा म्हणावयाचे असता रोगी म्हणतो, "ते, दोराला बांधून विहिरीत सोडतात ते." वस्तू ओळखीची, उपयोग ठाऊक, शब्द मात्र हरवलेला. आणि झटका फार मोठा असेल तर बोलणे व समजणे ही दोन्ही जवळजवळ नाहीशी होतात. बहुतेक रोग्यांत वाचणे व लिहिणे ह्यांवरही कमीअधिक परिणाम होतो. म्हणून जो बोलू शकत नाही त्याच्या हाती पाटी दिली की काम भागेल, अशी अपेक्षा करू नये.

काही रोग्यांची जीभ व ओठ मात्र अशक्त होतात. शब्द बरोबर असतात, उच्चार बोबडा होतो. ही निराळी व्याधी होय, व असा मनुष्य लिहून आपले म्हणणे सांगू शकतो.

मोठ्या झटक्यात मेंदूच्या इतर शक्तींसही धक्का बसू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कोणत्या रोग्यात काय शिल्लक आहे हे केवळ त्याच्या बोलण्यावरून ठरविता येत नाही. भिंतीपलीकडून आवाज येत नाही म्हणून घर रिकामे आहे, असे कोणी समजू नये.

५. जे राहून जाते

ह्या व्याधीत एक आश्चर्य वारंवार दिसून येते. ज्यास स्वतःचे नाव सांगता येत नाही तो कधीकधी एकापासून दहापर्यंत अंक, आठवड्याचे वार, अथवा लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना अडखळत का होईना म्हणून दाखवितो. ज्यास एक वाक्य बोलता येत नाही तो ओळखीचे गीत शब्दांसकट गातो. पाठ झालेले व सुरांत बसलेले शब्द मेंदूत निराळ्या वाटेने येतात, व त्या कामी उजव्या भागाचेही साहाय्य होते, असे तज्ज्ञ मानतात. ह्याच गोष्टीचा उपयोग करून १९७३ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी एक उपचारपद्धती निघाली. तीत रोग्यास छोटी वाक्ये सुरांत म्हणावयास लावितात, डाव्या हाताने ताल धरवितात, व मग हळूहळू सूर कमी करीत साध्या बोलण्यावर आणितात.

परंतु येथे एक सावधगिरी पाहिजे. रोगी गीत गातो म्हणून तो मुद्दाम बोलत नाही, ढोंग करितो, असा ग्रह करून घेऊ नये. पाठ म्हणणे व मनातील नवा विचार वाक्यात घालणे ही दोन भिन्न कामे आहेत.

पुष्कळ रोगी सुधारतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, परंतु त्यानंतर दार बंद होते असे नाही; नियमित अभ्यासाने वर्षानुवर्षे थोडी थोडी भर पडत राहते. ह्या कामासाठी शिकलेले वाचोपचारतज्ज्ञ असतात. मुंबईत वाचा व श्रवण ह्यांसाठी अली यावर जंग ह्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करावी.

६. पहिल्या घटकांचे महत्त्व

वाहिनी तुंबल्यावर मेंदूच्या पेशी किती त्वरेने मरतात ह्याचा हिशेब एका संशोधकाने २००६ साली मांडला. मोठी वाहिनी तुंबली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख पेशी नाश पावतात, असे त्यास आढळले. गुठळी विरघळविणारे औषध आहे, परंतु ते साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शिवाय वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे डोक्याचे चित्र काढल्यावाचून कळत नाही, आणि फुटलेल्या वाहिनीत तेच औषध घात करिते. काही निवडक रोग्यांत वाहिनीत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंतही करिता येतो. पण तो मोठ्या रुग्णालयातच होतो.

म्हणून एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले किंवा असंबद्ध झाले, तर ह्यांपैकी एकच खूण दिसली तरी त्याच क्षणी १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोगी शेवटचा धडधाकट कोणत्या वेळी दिसला ती वेळ ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावी. तोंडात पाणी, दूध अथवा औषध घालू नये, कारण गिळण्याची शक्तीही गेलेली असू शकते. पारव्याचे रक्त चोळणे, उतारा टाकणे, जाणत्याकडे नेणे ह्यांत जे तास जातात ते परत मिळत नाहीत. थोड्या वेळात आपोआप बरे वाटले तरीही रुग्णालयात जावेच. तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. ज्यांस रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी औषध चुकवू नये, आणि तंबाखू व विडी सोडावी.

७. भेटीस जाणाऱ्यांसाठी

उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, तुम्ही आजाऱ्यांच्या भेटीस जाता. अशा रोग्याच्या घरी गेल्यावर प्रथम त्याच्यासमोर बसा, त्याच्या नात्याने हाक मारा, आणि मग बोला. वाक्ये लहान ठेवा, पण लेकराशी बोलावे तसे बोबडे बोलू नका. तो बहिरा नाही, म्हणून ओरडूही नका. एका वेळी एकच गोष्ट विचारा. "बाबा, आज काय घ्याल?" असे विचारण्यापेक्षा "बाबा, चहा घ्याल का?" असे विचारून कप दाखविला तर उत्तर देणे सोपे जाते. मग थांबा. त्याच्या तोंडचा शब्द घाईने हिसकावून घेऊ नका. खूण, चित्र, बोट, मान, जे साधन चालेल ते चालू द्या. ओळखीचे गीत त्याच्याबरोबर म्हणा, आणि त्यास जेवढे साधेल तेवढे म्हणू द्या.

ह्या रोगात "होय" म्हणावयाचे असता "नाही" निघून जाते, हेही विसरू नका. म्हणून महत्त्वाचा प्रश्न दोन निरनिराळ्या रीतींनी विचारून खात्री करून घ्यावी. विशेषतः जमीन, पैसा अथवा मृत्युपत्र ह्यांच्या कागदावर त्याचा आंगठा घेण्याची घाई कोणी करीत असेल, तर त्यास थांबवा. ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याचा हक्क लुबाडणे फार सोपे असते. तेथे मंडळीने त्याच्या बाजूस उभे राहिले पाहिजे. तसेच त्यास न समजविता सर्व निर्णय इतरांनीच घेणे, हेही योग्य नव्हे.

आणि त्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांस विसरू नका. रात्रंदिवस अंदाजाने अर्थ लावीत राहणे हे थकविणारे काम आहे. आठवड्यातून एक तास कोणी त्या खाटेजवळ बसले, तर तिला किंवा त्याला बाहेर पडावयास सवड मिळेल, आणि रोग्यासही नवा चेहरा दिसेल.

बिसेत्र येथील तो रोगी २१ वर्षे एकच शब्द बोलत राहिला; परंतु ती वर्षे त्याने मोजली होती. आपल्या गावातही असा कोणी असेल, तर तोही दिवस मोजीत असेल, व आज आपल्याशी कोण बोलले ह्याचीही त्यास आठवण राहत असेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जॉन्सनने आपल्या बुद्धीची परीक्षा कशी घेतली? तीवरून काय सिद्ध झाले?
२. वाचाघात हा जिभेचा रोग नव्हे, हे कोणत्या उदाहरणांवरून दिसते?
३. वाचा जाणे व उजवे अंग लुळे पडणे ही बहुधा एकत्र का येतात?
४. झटक्याच्या खुणा कोणत्या? त्या दिसताच काय करावे व काय करू नये?
५. आपल्या मंडळीत बोलू न शकणारा कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?